कॅन्सरची पेशी चालते कशी, आणि लॅबमध्ये तिचं चालणं मोजतात कसं?

छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. २०१२ साली ते सुरू झालं. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडचे पेशंट इथे येतात आणि त्यात तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट कायम असतात. कारण शोधायला लांब जायची गरज नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासूनच बंदी आहे, पण ती तुमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर किती दिसते ते तुम्हाला माहीत आहे.

तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट समोर बसला की डॉक्टर आधी तोंडातली जखम बघतात आणि लगेच मान चाचपतात. मानेत गाठ लागते का ते बघायचं असतं. कारण गालातल्या किंवा जिभेवरच्या गाठीतून काही पेशी सुटतात आणि बहुतेक वेळा आधी मानेतल्या लसिकाग्रंथींमध्ये जाऊन बसतात. गंमत अशी की हाताला गाठ लागली नाही म्हणजे पेशी गेल्या नाहीत असं होत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने यावर मोठा अभ्यास केला. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात आहे आणि मानेत काहीच लागत नाही, अशा पेशंटचे दोन गट केले. एका गटात तोंडाच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या ग्रंथीही काढून टाकल्या. दुसऱ्या गटात वाट बघितली आणि गाठ दिसल्यावर काढल्या. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातले ८० टक्के पेशंट जिवंत होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के.

म्हणजे हाताला लागायच्या कितीतरी आधी पेशी चालायला लागलेल्या असतात. त्या का चालतात, किती वेगाने चालतात, कशाने थांबतात, हे कळलं तर औषध शोधता येईल. पण पेशंटच्या गालाच्या आत कॅमेरा लावून बसता येत नाही. म्हणून हे चालणं प्लास्टिकच्या डिशमध्ये उभं करावं लागतं. त्याच्या पद्धती अनेक आहेत आणि प्रत्येक पद्धत वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. ‘अमुक काढा कॅन्सर पसरण्यापासून रोखतो, प्रयोगशाळेत सिद्ध’ असा फॉरवर्ड तुमच्या फॅमिली ग्रुपवर आला असेल, तर त्यामागे बऱ्याचदा यातलीच एखादी पद्धत असते. म्हणून ती नीट समजून घेऊ.

पेशी ‘चालते’ म्हणजे नक्की काय करते?

पेशीला पाय नसतात. ती पुढच्या बाजूला स्वतःचाच एक पातळ पापुद्रा पसरवते. आत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे वाढत जातात आणि पेशीचं आवरण पुढे ढकलतात. तो पापुद्रा खालच्या पृष्ठभागाला चिकटतो. मग आतले धागे आकुंचन पावतात, अंग पुढे ओढलं जातं आणि मागची पकड सुटते. सुरवंट चालताना पाहिला असेल तर साधारण तसंच, फक्त तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात.

हे फक्त कॅन्सरच्या पेशी करतात असं नाही. बोट कापलं की आजूबाजूच्या त्वचेच्या पेशी सरकत येऊन जखम बुजवतात. पांढऱ्या पेशी जंतूंचा माग काढत फिरतात. गर्भात अवयव तयार होतानाही पेशी ठरलेल्या जागी चालत जातात. कॅन्सरची पेशी नवीन काही शिकत नाही, शरीराचंच हे जुनं कौशल्य नको तिथे वापरते.

वेगाचा अंदाज यावा म्हणून एक खरी स्पर्धा सांगतो. २०११ मध्ये पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने ‘वर्ल्ड सेल रेस’ झाली. जगभरातल्या लॅबकडून ५० हून अधिक प्रकारच्या पेशी मागवल्या आणि काही मायक्रोमीटर रुंदीच्या, ४०० मायक्रोमीटर लांबीच्या सरळ पट्ट्यांवर त्यांना पळवलं. सिंगापूरहून आलेली एक मूळपेशी जिंकली. तिचा वेग मिनिटाला ५.२ मायक्रोमीटर होता. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७०-८० मायक्रोमीटर धरली, तर जगज्जेत्या पेशीला एक केस ओलांडायला पंधरा मिनिटं लागली असती. डिशमधल्या बहुतेक कॅन्सरच्या पेशी याहून बऱ्याच हळू चालतात.

म्हणूनच इथे व्हिडिओ काढून चालत नाही, टाइमलॅप्स काढावा लागतो. फोनमध्ये ढग सरकताना किंवा कळी उमलताना काढतो तसाच.

आधी पेशी आणायच्या कुठून?

प्रत्येक प्रयोगाला नवीन पेशंटच्या गाठीतून पेशी काढणं शक्य नसतं. लॅबमध्ये वापरतात त्या ‘सेल लाइन’. कधीतरी एका पेशंटच्या गाठीतून काढलेल्या, डिशमध्ये वाढत राहणाऱ्या पेशींचा वंश. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे हेला. १९५१ मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स नावाच्या महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिला न विचारता त्या पेशी घेतल्या गेल्या आणि जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये वाढवल्या गेल्या.

याच जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये पुढे एक मराठी बाई काम करून आल्या. डॉ. कमल रणदिवे. जन्म पुण्याचा, १९१७ चा. परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. ८ नोव्हेंबर २०२१ ला गूगलच्या होमपेजवर त्यांचं डूडल होतं. तेव्हा ‘या कोण’ म्हणून पुढे स्क्रोल केलं असेल, तर त्या या. त्यांनी जिथे काम केलं ती संस्था आज टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघरमधल्या ‘ॲक्ट्रेक’चा भाग आहे. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस आहे. १९८६ मध्ये ते सुरू झालं ते मुळात पेशी सांभाळायला आणि देशभरातल्या लॅबना पुरवायला. मराठवाड्यातल्या एखाद्या एमएस्सीच्या मुलीला पेशी हव्या असतील तर तिचा अर्ज बहुधा तिथेच जातो.

पेशी येतात गोठवलेल्या. डिशमध्ये गुलाबी रंगाचं द्रव अन्न असतं. त्यातला रंग म्हणजे एक निर्देशक: पेशींनी अन्न संपवून आम्ल सोडलं की गुलाबी द्रव पिवळं पडतं, म्हणजे बदलायची वेळ झाली. तापमान ३७ अंश, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. दोन दिवस दुर्लक्ष झालं किंवा एखादी बुरशी आत शिरली की सगळं सिंकमध्ये.

पद्धत पहिली: ओरखडा

जगात सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत हीच. नाव ‘स्क्रॅच असे’ किंवा ‘वूंड हीलिंग असे’. कारण ती स्वस्त आहे, आणि इतकी साधी आहे की पहिल्यांदा ऐकल्यावर कोणी चेष्टा करतंय असं वाटतं.

डिशच्या तळाशी पेशी इतक्या वाढू द्यायच्या की फरशीसारखा सलग एकपदरी थर तयार होईल. मग पिपेटचं प्लास्टिकचं टोक घ्यायचं, बहुधा २०० मायक्रोलिटरचं, आणि थरातून एक सरळ रेघ ओढायची. रेघेतल्या पेशी खरवडल्या जातात. सुटलेल्या पेशी धुऊन टाकायच्या, ताजं द्रव घालायचं आणि फोटो काढायचा. बारा तासांनी पुन्हा त्याच जागेचा फोटो. चोवीस तासांनी पुन्हा. दोन्ही काठांवरच्या पेशी मोकळ्या जागेत सरकत येतात आणि रेघ अरुंद होत जाते.

‘त्याच जागेचा’ हे वाचायला सोपं आहे. मायक्रोस्कोपखाली सगळ्या रेघा सारख्याच दिसतात आणि बारा तासांनी आपण कुठे फोटो काढला होता ते अजिबात आठवत नाही. त्यावर उपाय देशी आहे: डिशच्या खालच्या बाजूला, बाहेरून, मार्कर पेनने खूण करून ठेवायची.

आता आकडा कसा काढायचा? समजा सुरुवातीला रेघेची रुंदी ६०० मायक्रोमीटर होती आणि १२ तासांनी २०० राहिली. म्हणजे ४०० मायक्रोमीटर भरली. पण ती दोन्ही बाजूंनी भरली आहे, त्यामुळे एका काठाने कापलेलं अंतर २००. भागिले १२ तास, म्हणजे काठाचा वेग तासाला सुमारे १६.७ मायक्रोमीटर. हा दोनाने भागायचा टप्पा विसरला की वेग दुप्पट येतो. रुंदी सगळीकडे सारखी नसते, म्हणून प्रत्यक्षात बहुतेक जण रिकाम्या भागाचं क्षेत्रफळ मोजतात. सुरुवातीला ८ लाख पिक्सेल रिकामे होते, नंतर २ लाख उरले, तर ७५ टक्के जखम भरली.

हे मोजायला लागणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. इमेजजे त्याचं नाव. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेत वेन रासबँड यांनी १९९७ मध्ये ते आणलं. आज त्याचं ‘फिजी’ हे प्लगइन भरलेलं रूप जगभरच्या जीवशास्त्राच्या लॅबमध्ये वापरलं जातं. लाखो रुपयांचा मायक्रोस्कोप आणि मोजमाप फुकटच्या सॉफ्टवेअरवर, हे दृश्य अगदी नेहमीचं आहे.

आता या पद्धतीची खरी गोची. रेघ भरली म्हणजे पेशी चालल्या, असं आपण धरलं. पण पेशी चालतात तशाच वाढतातही. एकाच्या दोन होतात. हेलासारख्या पेशी साधारण दिवसभरात दुप्पट होतात. मग ४८ तासांनी रेघ भरलेली दिसली, तर काठावरच्या पेशी चालत आल्या की त्यांची पिलावळ वाढून जागा भरली? फोटो बघून सांगता येत नाही.

यावर दोन उपाय करतात. एक, द्रवातलं सीरम कमी करायचं. सीरम म्हणजे वाढीचं टॉनिक, ते कमी केलं की विभाजन मंदावतं. दुसरा, मायटोमायसिन-सी नावाचं औषध आधी थोडा वेळ द्यायचं. ते डीएनएला धक्का देऊन विभाजन थांबवतं, म्हणूनच ते कॅन्सरच्या केमोथेरपीतही वापरलं जातं. अर्थात ज्या पेशीला असा धक्का दिलाय ती नेहमीसारखीच चालेल का, हा प्रश्न उरतोच. त्यामुळे बरेच जण प्रयोग लवकर, म्हणजे विभाजनाचा फारसा परिणाम व्हायच्या आत आटोपतात.

दुसरी अडचण हाताची. सकाळी ओढलेली रेघ आणि जेवून आल्यावर ओढलेली रेघ सारखी नसते. जोर जास्त झाला तर तळावरचं चिकट प्रथिनांचं अस्तरही खरवडलं जातं आणि पेशींना पाय रोवायला जागा राहत नाही. म्हणून काही लॅब ओरखडा काढतच नाहीत. डिशमध्ये सिलिकॉनचा छोटा साचा ठेवतात, त्याच्या दोन खणांत पेशी वाढवतात आणि साचा उचलतात. मध्ये बरोबर ५०० मायक्रोमीटरची स्वच्छ फट राहते.

या पद्धतीला हल्ली बरीच नावं ठेवली जातात. मला ते थोडं अन्यायाचं वाटतं. तोंडाच्या किंवा आतड्याच्या अस्तरातल्या पेशी बऱ्याचदा एकेकट्या न जाता हातात हात धरून घोळक्याने सरकतात, दिंडीसारख्या. पुढे एकदोन पेशी वाट काढतात, बाकीच्या मागे चिकटलेल्या. हा घोळका बघायला ओरखड्याइतकी सोपी पद्धत दुसरी नाही. दोष पद्धतीत कमी आहे, तिच्यावरून काढलेल्या मोठमोठ्या निष्कर्षांत जास्त आहे.

पद्धत दुसरी: चाळणी

१९६२ मध्ये स्टीफन बॉयडन यांनी पांढऱ्या पेशींसाठी एक युक्ती काढली. एका भांड्यात दुसरं छोटं भांडं, आणि छोट्या भांड्याचा तळ म्हणजे बारीक भोकांचा पडदा. वर पेशी ठेवायच्या, खाली त्यांना ओढून घेणारं काहीतरी. आज याला ट्रान्सवेल किंवा बॉयडन चेंबर म्हणतात.

कॅन्सरच्या पेशींसाठी बहुधा ८ मायक्रोमीटरची भोकं वापरतात. पेशी त्याहून मोठी असते, त्यामुळे चाळणीतून रवा पडतो तशी ती आपोआप खाली पडत नाही. तिला स्वतःला आवळून घेऊन भोकातून सरपटावं लागतं. सगळ्यात जड जातं ते केंद्रक, कारण पेशीत सगळ्यात ताठ भाग तोच. पांढऱ्या पेशी मात्र ३ मायक्रोमीटरच्या भोकातूनही निघून जातात, त्यांचं केंद्रक वळणारं, पाकळ्या-पाकळ्यांचं असतं.

वर सीरम नसलेलं द्रव, खाली सीरम असलेलं. म्हणजे वर उपाशी, खाली पंगत. साधारण एक दिवस थांबायचं. मग वरच्या बाजूला राहिलेल्या पेशी कापसाच्या बोळ्याने पुसून टाकायच्या, पडद्याच्या खालच्या बाजूला पोचलेल्या पेशी जांभळ्या रंगात रंगवायच्या आणि मोजायच्या.

यात एक बारीक पेच आहे. खाली जास्त पेशी आल्या म्हणजे त्या वासाच्या दिशेने गेल्या, की सीरममुळे नुसत्याच चळवळ्या होऊन इकडेतिकडे फिरताना काही भोकातून पडल्या? हे ओळखायचं असेल तर आणखी एक भांडं लावायचं, ज्यात वर आणि खाली दोन्हीकडे सीरम आहे. तिथेही तेवढ्याच पेशी खाली आल्या, तर दिशेचा काही संबंध नाही. कोणत्याही पेपरमध्ये हे जोडभांडं आहे का ते मी आधी बघतो.

ही पद्धत एक पाऊल पुढे नेता येते. शरीरात पेशींच्या वाटेत नुसती भोकं नसतात, प्रथिनांच्या धाग्यांची गच्च जाळी असते. ती विरघळवून वाट काढणाऱ्या पेशी जास्त धोक्याच्या. म्हणून पडद्यावर मॅट्रिजेल नावाच्या जेलचा थर देतात. हे जेल उंदराच्या एका प्रकारच्या गाठीपासून बनवतात. त्यातून पार होणाऱ्या पेशी मोजल्या की त्याला ‘मायग्रेशन’ न म्हणता ‘इन्व्हेजन’ म्हणतात: चालणं वेगळं आणि घुसणं वेगळं. मॅट्रिजेल बर्फावर पातळ असतं आणि गरम झालं की घट्ट होतं, आणि एकदा घट्ट झालं की संपलं. त्यामुळे बाटली बर्फात, पिपेटची टोकंसुद्धा फ्रीजमध्ये. संभाजीनगरच्या मे महिन्यात हे काम करायचं असेल तर एसी चालू असल्याची आधी खात्री केलेली बरी.

पद्धत तिसरी: प्रत्येक पेशीच्या मागे लागणं

ओरखडा आणि चाळणी दोन्ही फक्त सुरुवात आणि शेवट दाखवतात. मधे काय झालं ते कळत नाही. ते हवं असेल तर मायक्रोस्कोपच्या स्टेजवरच छोटा इन्क्युबेटर बसवतात आणि दर पाच-दहा मिनिटांनी आपोआप फोटो निघत राहतात. मग सॉफ्टवेअर प्रत्येक पेशी ओळखतं आणि फ्रेममागून फ्रेम तिचा माग काढतं. फिजीमध्ये यासाठी ‘ट्रॅकमेट’ नावाचं प्लगइन आहे. तुमच्या फोनचा कॅमेरा हलत्या चेहऱ्याभोवती चौकोन धरून ठेवतो, त्याच जातीचं काम. फक्त चेहरे शेकडो, सगळे सारखे दिसणारे, आणि मधूनच एकाचे दोन होणारे.

इथे दोन आकडे वेगळे ठेवावे लागतात. समजा दोन माणसं क्रांती चौकातून निघाली. एक जालना रोडने सरळ सिडको बसस्टँडला गेला. दुसरा गुलमंडीत शिरला, चार दुकानं फिरला, परत मागे आला आणि तासाभराने पुन्हा क्रांती चौकातच उभा. पायपीट दोघांची सारखी असेल, पण दुसरा पोचला कुठेच नाही. पेशींचंही तसंच. एकूण कापलेलं अंतर भागिले वेळ, हा वेग. सुरुवात ते शेवट सरळ रेषेतलं अंतर भागिले एकूण कापलेलं अंतर, हा सरळपणा. एक म्हणजे नाकासमोर चालणारी, शून्याजवळ म्हणजे गुलमंडीवाली. एखादं औषध पेशींचा वेग तसाच ठेवून फक्त त्यांची दिशा बिघडवू शकतं. ओरखड्यात ते ‘चालणं थांबलं’ असं दिसेल. माग काढला तर कळेल की चालणं चालूच आहे, वाट चुकली आहे.

फोटो किती वेळाने काढायचे, हाही निर्णयच. अंतर जास्त ठेवलं तर मधली वळणं हरवतात आणि वेग खऱ्यापेक्षा कमी दिसतो. फार कमी ठेवलं तर सारखा प्रकाश पडून पेशी आजारी पडतात, विशेषतः चमकणारे रंग वापरले असतील तर.

डिशबाहेर

सपाट प्लास्टिक म्हणजे गाल नव्हे. त्यामुळे आता बऱ्याच लॅब पेशींचा छोटा गोळा करून तो कोलॅजनच्या जेलमध्ये ठेवतात आणि गोळ्यातून बाहेर कोण पडतं ते बघतात. काही जण सिलिकॉनमध्ये पेशीपेक्षा अरुंद गल्ल्या कोरतात. २०१६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या दोन अभ्यासांत अशाच अरुंद जागांतून जाताना पेशींच्या केंद्रकाचं आवरण फाटतं, डीएनएला इजा होते आणि पेशी ते आवरण पुन्हा सांधते, हे दिसलं. कॅन्सरची पेशी पसरताना स्वतःलाच जखमी करून घेते, हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात चक्रावणारं निरीक्षण वाटतं.

झेब्राफिशची पिल्लंही वापरतात. मासा आपल्याकडच्याच नदी-ओढ्यांतला, पिल्लू काचेसारखं पारदर्शक, त्यामुळे आत सोडलेल्या चमकणाऱ्या पेशी रक्तवाहिन्यांतून जाताना जिवंत दिसतात. त्यापुढचा टप्पा उंदीर.

खारघरमध्ये काय केलं

या पद्धती एकत्र कशा येतात ते बघायला ॲक्ट्रेकचं काम चांगलं आहे, कारण तिथे तोंडाच्या कॅन्सरची आपली स्वतःची सेल लाइन आहे. एडब्ल्यू-१३५१६ तिचं नाव, जिभेच्या गाठीतून काढलेली. केराटिन म्हणजे केस आणि नखं ज्याची बनतात त्या प्रथिनांचं घराणं. त्यातली ८ आणि १८ क्रमांकाची केराटिनं मोठ्या माणसाच्या तोंडाच्या निरोगी अस्तरात सहसा नसतात, पण तोंडाच्या कॅन्सरमध्ये दिसतात. डॉ. मिलिंद वैद्य यांच्या गटाने या पेशींमधलं केराटिन-८ बनणं दाबून टाकलं. २०११ मध्ये जर्नल ऑफ सेल सायन्समध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार पेशींचं चालणं कमी झालं, घुसणंही कमी झालं आणि गाठ तयार करायची ताकदही घटली.

त्याआधी २००८ मध्ये डॉ. सोरब दलाल यांच्या गटाने उलट्या बाजूचा प्रयोग केला होता. शेजारच्या पेशींना एकमेकींना बांधून ठेवणाऱ्या टाचण्यांमध्ये प्लाकोफिलिन-३ नावाचं प्रथिन असतं. आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींमधून ते कमी केल्यावर पेशी एकमेकींपासून सुटल्या, जास्त फिरायला लागल्या आणि उंदरांमध्ये फुप्फुसापर्यंत पोचल्या. दोन्ही अभ्यासांत डिशमधलं निरीक्षण घेऊन गट तिथेच थांबला नाही, प्राण्यापर्यंत गेला. तरीही यातून उद्या औषध येईल असं कोणी म्हटलं नाही.

मग तो फॉरवर्ड

‘अमुक पानांच्या अर्काने कॅन्सरच्या पेशींचं पसरणं ८० टक्क्यांनी थांबलं’. असं वाक्य बहुधा ओरखड्याच्या प्रयोगातून येतं. त्यात पहिला प्रश्न असा की पेशी जिवंत होत्या का? मेलेली पेशी चालत नाही. अर्क पुरेसा घट्ट घेतला तर जवळपास काहीही पेशी मारतं, मीठसुद्धा. म्हणून आधी एमटीटीसारखी चाचणी करतात, ज्यात जिवंत पेशी पिवळ्या रंगाचा जांभळा रंग करतात. जेवढ्या मात्रेत पेशी मरत नाहीत, तेवढीच मात्रा चालण्याच्या प्रयोगात घ्यायची. ही चाचणी नसेल तर ८० टक्क्यांना अर्थ नाही.

दुसरं, ती मात्रा माणसाच्या रक्तात पोचते का? हळदीतल्या कर्क्युमिनचं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं. डिशमध्ये ते पेशींवर बरंच काही करतं. पोटातून घेतलं की रक्तात अगदी थोडं उतरतं. डिशमध्ये पेशी अर्कात पोहत असतात. घरी हळदीचं दूध पिणाऱ्या आजोबांच्या मानेतल्या ग्रंथीपर्यंत त्यातलं काय जातं, हा वेगळाच हिशेब आहे.

आणि तिसरं, मानेत पोचायला पेशीला चालावं लागतं, जाळी फोडावी लागते, वाहिनीत शिरावं लागतं, प्रवाहात जिवंत राहावं लागतं, प्रतिकारशक्तीला चुकवावं लागतं आणि परक्या जागी घर करावं लागतं. ओरखडा त्यातल्या फक्त पहिल्या पायरीबद्दल बोलतो. टाटाच्या अभ्यासातले पेशंट आठवा. तिथे निर्णय होता मानेचं ऑपरेशन आत्ता की नंतर, आणि फरक पडला तीन वर्षांत दर शंभरातल्या बारा-तेरा जिवांचा. घरातल्या कोणाला डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली असेल आणि ‘आधी महिनाभर हा काढा घेऊन बघू’ अशी चर्चा चालू असेल, तर हा आकडा त्या चर्चेत ठेवा. तो महिना पेशी बसून काढत नाहीत.

स्वतः करून बघायचं असेल तर

लॅब नसली तरी मोजणीचा भाग तुम्ही घरी करू शकता. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटने जीवशास्त्रातल्या फोटोंचा एक खुला संग्रह ठेवला आहे, त्यात ओरखड्याच्या प्रयोगांचे फोटोही आहेत. ‘सेल ट्रॅकिंग चॅलेंज’ या स्पर्धेच्या साइटवर चालणाऱ्या पेशींचे टाइमलॅप्स मिळतात, जेलमध्ये शिरणाऱ्या स्तनांच्या कॅन्सरच्या पेशींचेसुद्धा. लॅपटॉप असेल तर फिजी उतरवून घ्या. नसेल तर इमेजजेची ‘इमेजजे डॉट जेएस’ ही आवृत्ती थेट ब्राउझरमध्ये उघडते, फोनवरही. स्क्रीन लहान असल्याने बोटाने रेघ ओढताना थोडी कसरत होते. ओरखड्याचे दोन फोटो उघडा, दोन्हीत रिकाम्या भागाभोवती सीमा आखा, क्षेत्रफळ मोजा आणि टक्के काढा. मग तोच फोटो मित्राला द्या आणि त्यालाही आखायला सांगा. तुमचा आकडा आणि त्याचा आकडा किती वेगळा येतो, तेही लिहून ठेवा.